पेंटबॉल ग्राउंड टाकताय? आधी ‘मी आउट’ म्हणायला शिका



गेल्या काही महिन्यांत एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडून ऐकतोय. “सर, गावाकडे रस्त्याला लागून दीड एकर जागा पडून आहे. कृषी पर्यटनासोबत पेंटबॉल टाकू का? दहा-बारा गन, थोडे जुने टायर, चारी बाजूंनी जाळी, झालं!” आणि लगेच पुढचं: गन कुठून घ्यायच्या, गोळ्यांचा बॉक्स कितीला पडतो, पैसे किती दिवसांत सुटतात.

हिशोबाचं बोलू, नक्की बोलू. पण मी त्यांना उलटं विचारतो. तुमच्या ग्राउंडवर दोन ग्रुपमध्ये “तुला लागली,” “नाही लागली” सुरू झालं, तर मिटवणार कोण? बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं, “एक पोरगा ठेवू की शिट्टी देऊन!”

तो शिट्टीवाला पोरगा म्हणजे तुमचा अर्धा धंदा आहे. कसं ते सांगतो, पण त्याआधी ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जिलेटीनच्या पातळ कवचात रंग भरलेली, साधारण १७ मिलिमीटरची गोळी असते. हवेच्या किंवा कार्बन डायऑक्साइडच्या दाबावर चालणाऱ्या गनने ती मारायची. गोळी अंगावर फुटली, रंग लागला, की तुम्ही बाहेर. दोन टीम, मध्ये ड्रम-टायर-पत्र्यांचे आडोसे, ज्यांना बंकर म्हणतात, आणि समोरच्यांचा झेंडा आणायचा. नियम लहान पोरालाही दोन मिनिटांत कळतात.

गोम वेगळीच आहे. क्रिकेटमध्ये अंपायर बोट वर करतो, कबड्डीत पंच शिट्टी मारतो. इथे दहा-बारा जण दहा-बारा आडोशांमागे लपलेले असतात आणि बघायला मार्शल असतात दोन. फार तर तीन. प्रत्येक गोळी कुणी बघूच शकत नाही. म्हणून गोळी लागली की ज्याला लागली त्यानेच ‘आउट’ म्हणायचं, गन आणि एक हात डोक्याच्या वर धरायचा आणि सरळ बाहेर चालू लागायचं. सगळा खेळ एवढ्याच एका गोष्टीवर उभा आहे. ज्याचं नुकसान झालं, त्यानेच ते जाहीर करायचं.

आता माझी गोष्ट. व्हिडिओत सांगितली नव्हती, कारण सांगायची लाज वाटत होती.

माझं हार्डवेअर आणि रंगाचं दुकान आहे हे तुम्हाला माहीत आहे. दोन वर्षांपूर्वी जानेवारीत दुकानातली सगळी पोरं आणि माझ्या बॅचमधले काही जण मिळून आम्ही चौदा जण पुण्याबाहेरच्या एका ग्राउंडवर गेलो. बुकिंग माझ्या नावावर, पैसे माझे. तीन राउंड झाले, चौथा शेवटचा. आमच्याकडून मी आणि काउंटरवरचा एक मुलगा एवढेच उरलो होतो, समोर एकच जण. मी निळ्या ड्रमामागे. तेवढ्यात डाव्या कोपराला टप्प करून बसली. दुखलं वगैरे काही नाही, जॅकेट जाड होतं. बघतो तर केशरी डाग, चांगला दोन रुपयांच्या नाण्याएवढा.

मी कोपर टायरला घासलं. बस, एक सेकंद.

मार्शल म्हणजे त्याच गावातला एकोणीस-वीस वर्षांचा पोरगा. त्याला शंका आली. जवळ येऊन म्हणाला, “सर, जरा चेक करू का?” मी म्हणालो, “अरे नाही लागली, खेळ चालू दे.” तो घुटमळला. जाळीबाहेर ग्राउंडचे मालक उभे होते. ते तिथूनच हसत ओरडले, “जाऊ दे रे, सरांचं बुकिंग आहे!” पोरगा मागे सरकला. मी समोरच्याला टिपला, झेंडा आणला, फोटो काढले. तो फोटो बरेच दिवस दुकानात काउंटरच्या मागे लावला होता.

परत येताना गाडीत काउंटरच्या त्या मुलाने मला ओला रुमाल दिला. “दादा, कोपराला रंग राहिलाय.” एवढंच बोलला. त्याच्या चेहऱ्यावर हसू होतं की नव्हतं, ते मला आजही सांगता येणार नाही.

आता आमच्या दुकानातला एक नियम सांगतो. मशीनवर शेड मिक्स करताना चूक झाली, तर तो डबा कंपनी परत घेत नाही आणि गिऱ्हाईकही घेत नाही. म्हणून मी सगळ्यांना सांगून ठेवलंय, चूक झाली तर लगेच सांगा, पगारातून एक रुपया कापणार नाही. वर्षानुवर्षं हे नीट चाललं होतं. त्या मार्चमध्ये पुट्टीच्या पोत्यांमागे चुकलेल्या शेडचे दोन डबे सापडले. कोण, कधी, विचारत गेलो, तर त्याच मुलाने मान्य केलं. मी म्हणालो, “अरे, सांगायचं ना! कापले असते का पैसे?” तो म्हणाला, “आउट झालो होतो दादा. बोललो नाही.”

मी त्याला काहीही बोलू शकलो नाही. फोटो त्या रात्री काढून ठेवला. आठवड्याभराने सगळ्यांसमोर सांगून टाकलं की त्या दिवशी मला गोळी लागली होती. दोघं-तिघं हसले. म्हणजे माहीत सगळ्यांनाच होतं.

पण या गोष्टीत अजून एक माणूस आहे, आणि तुमच्या कामाचा तोच आहे. तो ग्राउंडचा मालक. त्याने मला, म्हणजे पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकाला, खूश ठेवलं. पुढच्या जानेवारीत मी पोरांना विचारलं, “पेंटबॉलला जायचं का?” सगळे एका सुरात, “नको दादा, लोहगड करू.” एका माणसाला खूश करायच्या नादात त्याने तेरा माणसं घालवली, आणि चौदावाही परत गेला नाही. कॉलेजात बीबीएला ‘कस्टमर इज किंग’ घोकून पास झालो होतो. पेंटबॉलच्या मैदानात राजा तेरा जणांमध्ये उभा असतो, हे त्या पुस्तकात नव्हतं.

एकही गोळी न मारता जिंकलेला माणूस

या खेळाचा जन्म मला फार आवडतो. जून १९८१, अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यातलं हेनिकर नावाचं गाव. बारा जण जंगलात शिरले. हातात ‘नेलस्पॉट ००७’ नावाची गन, जी मुळात खेळासाठी बनलेलीच नव्हती. जंगलखात्याची माणसं तोडायच्या झाडांवर खूण करायला आणि गुराखी जनावरांवर खूण करायला ती वापरत. चार्ल्स गेन्स, हेज नोएल आणि बॉब गर्न्सी या तिघांच्या डोक्यातून खेळ निघाला. वाद असा होता की, जंगलात टिकून राहायला शहरातली हुशारी जास्त कामाची की रानातली. जिंकला कोण? रिची व्हाइट नावाचा जंगलात काम करणारा माणूस. त्याने सगळे झेंडे गोळा केले, आणि एकही गोळी मारली नाही! पुढे गर्न्सीने ‘नॅशनल सर्व्हायव्हल गेम’ नावाची कंपनी काढून यातूनच धंदा उभा केला. झाडावर खूण करायच्या गनमधून एक नवा खेळ आणि एक नवा बाजार. असो, त्यावर एक वेगळा व्हिडिओ होईल.

रंगवाला म्हणून एक गंमत मला जास्त भावते. सुरुवातीच्या गोळ्यांमधला रंग तेलाचा असायचा. टर्पेंटाइन लावल्याशिवाय निघायचा नाही. म्हणजे पुसून खेळत राहायची सोयच नव्हती! पुढे पाण्यात धुऊन निघणारा रंग आला, आता त्यात मुख्यतः पॉलिइथिलीन ग्लायकॉल असतं. कपडे वाचले, खेळ लोकांपर्यंत पोहोचला. पण त्याच दिवसापासून डाग पुसणं एका घासणीचं काम झालं. या चोरीला जगभर ‘वायपिंग’ म्हणतात आणि पेंटबॉलमध्ये यापेक्षा वाईट शिवी नाही. स्पर्धांमध्ये असा माणूस सापडला तर तो एकटा बाहेर जात नाही, त्याच्यासोबत टीममधला अजून खेळात असलेला खेळाडूही बाहेर काढतात. चोरी एकाची, भरपाई सगळ्यांची.

मात्र सगळंच ‘आउट’ नसतं, आणि हे तुमच्या ब्रीफिंगमध्ये स्वच्छ सांगितलंत तर निम्मी भांडणं तिथेच मिटतात. गोळी लागली पण न फुटता उडाली, तर आउट नाही. शेजारच्या ड्रमवर फुटून शिंतोडे उडाले, तर आउट नाही. गनवर फुटली, तर बहुतेक ग्राउंडवर आउट. नाण्याएवढा सलग डाग हवा, हे साधारण माप. पाठीवर लागलंय असं वाटतंय पण दिसत नाही, अशा वेळी ‘चेक’ म्हणून ओरडायचं आणि मार्शल येऊन बघून जाईपर्यंत सगळ्यांनी थांबायचं. शंका आली की विचारायची पद्धत आहे, त्यात कमीपणा काही नाही. आणि बाहेर गेलेल्याने तोंड मिटून चालायचं. “पम्या, तो टायरमागे आहे बघ!” असं जाता जाता ओरडायचं नाही. मेलेला माणूस बोलत नाही, असं खेळाडूच म्हणतात.

जिथे शिष्टाचार म्हणजे डोळा

इथे मात्र गमतीचा सूर बाजूला ठेवतो.

मोकळ्या ग्राउंडवर गोळीच्या वेगाची सर्वसाधारण वरची मर्यादा सेकंदाला ३०० फूट मानतात. म्हणजे ताशी जवळपास ३३० किलोमीटर. भाड्याच्या गन बऱ्याच ठिकाणी २८० किंवा त्याच्याही खाली लावतात. मांडीवर बसली तर निळा वळ उठतो, आठवड्यात जातो. डोळ्यावर बसली तर डोळा जातो. म्हणून मास्क. चष्मा नाही, पोहायचा गॉगल नाही, बाइकचं हेल्मेट तर नाहीच. पेंटबॉलसाठीच बनलेला, एएसटीएम एफ१७७६ हे मानक पाळणारा मास्क. स्वस्तात मिळतात म्हणून दुसरे काही आणू नका. जिथे शंभर रुपये वाचवायचे नसतात अशा मोजक्या जागा धंद्यात असतात, त्यातली ही एक.

आणि मास्क घेऊन प्रश्न सुटत नाही. गिऱ्हाईक तो काढतं! आपल्याकडची दमट हवा, तोंडावर घाम, काच धुकटते, दिसत नाही, माणूस सवयीने मास्क कपाळावर सरकवतो. किंवा राउंड संपल्याची शिट्टी झाली की जाळीच्या आतच काढतो, सेल्फीसाठी. समोर कुणाच्या तरी गनमध्ये गोळी तशीच असते. नियम एकच, जाळीच्या आत मास्क चेहऱ्यावर, शिट्टी झाली तरी, आउट झालात तरी, गन रिकामी असली तरी. धुकटला तर हात वर करा, मार्शल बाहेर घेऊन जाईल. बाहेर पडल्यावर गनच्या नळीवर कापडी पिशवी चढवायची, बोट घोड्यापासून लांब. पिशवी न चढवता चहाच्या टेबलापर्यंत गन नेणारा गिऱ्हाईक दिसला, तर तो कितीही मोठा असो, तिथल्या तिथे टोका.

वेगाचं अजून एक. कार्बन डायऑक्साइडवर चालणारी गन असेल, तर उन्हात सिलिंडर तापतो, दाब वाढतो आणि गोळीचा वेगही वाढतो. सकाळी नऊला २७० दाखवणारी गन एप्रिलच्या दुपारी तेवढीच राहील, असं धरून चालू नका. क्रोनो, म्हणजे वेग मोजायचं यंत्र, दुपारच्या बॅचआधी पुन्हा लावा. पावसाळ्यात उलटा ताप. जिलेटीन ओल धरतं, गोळ्या फुगतात आणि नळीतच फुटतात. मुळशी-लोणावळ्याकडे जागा बघणाऱ्यांनी गोळ्या हवाबंद ठेवायची सोय आधी करावी. खाली पडलेल्या गोळ्या उचलून पुन्हा विकणारे महाभाग मी पाहिलेत. मातीचे खडे चिकटलेली, फुगलेली गोळी कुणाच्या तरी अंगावर मारायची, तीही त्याच्याकडून पैसे घेऊन! गोळी जमिनीवर पडली की संपली. तो खर्चात धरा.

जवळच्या माऱ्याचंही तसंच. समोरचा बेसावध आहे आणि तुम्ही आठ फुटांवर पोहोचलात, तर घोडा दाबायचा नाही, ‘सरेंडर’ म्हणायचं. किती अंतरात, हे ग्राउंडवर ठरतं, १० ते १५ फूट साधारण. हात वर केलेल्याला पुन्हा मारायचं नाही. आडोशावरून नुसती गन काढून न बघता फैर झाडायची नाही, कारण तिथून मास्क सरळ करत मार्शल चाललेला असू शकतो. नवख्या लोकांना यातलं काही मुद्दाम मोडायचं नसतं. अंगात आलेलं असतं, एवढंच. त्यांना आधी सांगावं लागतं, आणि दुसऱ्या राउंडला पुन्हा सांगावं लागतं.

शिट्टीवाला पोरगा

आता परत त्याच्याकडे येतो. तुमचं गिऱ्हाईक कोण असणार? शनिवार-रविवारी हिंजवडीचा ऑफिस ग्रुप, वाढदिवसाची गँग, कॉलेजची पोरं. ऑफिस ग्रुपमध्ये मॅनेजर असतो. त्याला गोळी लागते, ज्युनिअरने मारलेली असते, आणि ज्युनिअर गप्प बसतो. तिथे “साहेब, आउट” म्हणणारा एकच माणूस उरतो, तुमचा मार्शल. रोजंदारीवरचा, गावातला, समोरच्याच्या इंग्रजीने आधीच दबलेला. तो ते म्हणणार की नाही, हे त्याच्या हिमतीवर सोडू नका. तुम्ही त्याच्या मागे उभे आहात का, यावर ते ठरतं. माझ्या वेळी मालकाने हसत हसत त्याला मागे ओढला. त्या पोराने त्यानंतर कधी कुणाला ‘चेक करू का’ विचारलं असेल, असं मला वाटत नाही.

म्हणून ब्रीफिंग मालकाने स्वतः करावं, निदान पहिलं वर्षभर. सगळ्यांसमोर मार्शलला पुढे उभं करायचं, नाव सांगायचं आणि म्हणायचं, “आत याचा शब्द शेवटचा. माझाही चालत नाही.” हे वाक्य फुकट आहे, पण त्या पोराची उंची चार इंच वाढते. त्याला वेगळ्या रंगाचा जॅकेट द्या, शिट्टी चांगली द्या, आणि पहिले पंधरा दिवस त्याला स्वतःला खेळायला लावा. गोळी लागल्यावर माणसाच्या मनात पहिल्या सेकंदाला काय येतं, हे खेळल्याशिवाय कळत नाही.

टीम पाडतानाही डोकं लावा. स्वतःची गन घेऊन येणारे चार सराईत आणि पहिल्यांदा आलेली आठ माणसं समोरासमोर लावू नका. तसंच, एकाकडे पॅकेजमधल्या ४० गोळ्या आणि दुसऱ्याने जास्तीच्या २०० विकत घेतल्या, तर ती मॅच नसते. जास्तीच्या गोळ्या विकण्यातच कमाई आहे, मान्य. पण राउंडला एका माणसाने किती न्यायच्या, याची मर्यादा ठेवा आणि ती दोन्ही टीमला सारखी ठेवा. गोळ्यांचं उत्पन्न थोडं घटेल. आठ नवख्यांपैकी सहा परत येतील.

कुणी म्हणेल, प्रामाणिकपणाने खेळलं की हरतो. हरतो कधी कधी, खरंय. १९८० च्या फेब्रुवारीत वानखेडेवर सुवर्णमहोत्सवी कसोटी झाली. इंग्लंडच्या बॉब टेलरला अंपायरने झेलबाद दिलं होतं. आपला कॅप्टन गुंडाप्पा विश्वनाथ अंपायरकडे गेला, म्हणाला नाही लागली बॅट, आणि त्याला परत बोलावलं. टेलरने बोथमबरोबर मोठी भागीदारी केली आणि भारत दहा विकेट्सनी हरला. माझे वडील अजूनही त्या मॅचचा विषय निघाला की विश्वनाथवर वैतागतात. आणि मग तासभर विश्वनाथबद्दलच बोलत बसतात.

यावर्षी मी पोरांना न विचारता बुकिंग केलं, दुसऱ्या ग्राउंडवर. कुरकुरत आले. दुसऱ्याच राउंडला माझ्या मास्कवर बसली, सगळी काच पिवळी. मी हात वर करून चालायला लागलो, तर मागून काउंटरचा तो मुलगा ओरडला, “दादा, मेलेल्याने हसायचं पण नसतं!”

तुम्हाला खरंच ग्राउंड टाकायचं असेल, तर या महिन्यात एक रविवार काढा. जवळपासच्या कुठल्याही ग्राउंडवर जा, पण खेळू नका. दुपारी तीनच्या सुमाराला जाळीबाहेर उभे राहा, जेव्हा सगळे दमलेले, तापलेले असतात. मार्शलच्या शिट्टीवर किती जण थांबतात, ते मोजा. हरलेली टीम मास्क परत टेबलावर ठेवताना आपसात काय बोलते, ते ऐका. वहीत लिहून आणा. पुढच्या व्हिडिओत आपण जाळी, गन, सिलिंडर आणि गोळ्यांचा हिशोब मांडणार आहोत, तेव्हा ती वही जवळ असू द्या.